पाचपैकी दीड नारळ

मला राग येतो. काहींना मधुमेह असतो, काहींना गुडघेदुखी असते, मला राग आहे. तो आमच्या गावडे घराण्यात वडिलोपार्जित आहे. माझे वडील, अण्णा, गिरणीत असताना जॉबरवर, म्हणजे खात्याच्या मुकादमावर, ओरडायचे, गिरणी बंद पडल्यावर सरकारवर ओरडले, आणि काळाचौकीतली आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिल्यापासून लिफ्टवर ओरडतात. (लिफ्ट मध्येच अडकते. अण्णा आत नसले तरी ओरडतात.) माझा राग मात्र सगळा एकाच गोष्टीसाठी राखून ठेवलेला आहे, आणि ती म्हणजे मराठी सिनेमा.

गैरसमज नको. मी मराठी सिनेमा बघतो म्हणून तर चिडतो! थिएटरात जाऊन बघतो, आणि पहिल्याच आठवड्यात बघतो, कारण दुसऱ्या आठवड्यात तो तिथे असेलच असं नाही. आणि बाहेर पडतो तेव्हा माझं डोकं फिरलेलं असतं. का फिरू नये? कोकण दाखवायचं म्हणजे वरून भिरभिरणारा कॅमेरा, खाली माडांची बाग, दारात समुद्र, आणि अंगणात एक म्हातारी, जी श्वास घेतल्यासारखी 'गो बाय, गो बाय' करत असते! अहो, आमच्या गावच्या घरातून समुद्र दिसत नाही! समुद्र बघायला आम्हालाही एस.टी. पकडावी लागते! मग मुंबईचा हिरो येतो, इंटरव्हलनंतर त्याला मातीची ओढ लागते, आणि तो नोकरी सोडून आंबे विकायला बसतो. त्याची नोकरी गेली तरी चालेल, माझी सुट्टी गेली त्याचं काय?

हे सगळं मी घरी येऊन बायकोला ऐकवायचो. सुलभाने बरीच वर्षं ऐकलं. एके दिवशी हातातलं लाटणं ओट्यावर आपटून म्हणाली, "अहो, माझ्यावर काय ओरडताय? मी काढलाय का पिक्चर?"

तेव्हा आमची मुलगी मानसी म्हणाली, "बाबा, आईला सोडा. मोबाईलला ओरडा. मी रेकॉर्ड करते."

तिने मोबाईल स्टँडवर लावला, तोंडावर एक गोल पांढरा दिवा सोडला आणि म्हणाली, "हां, बोला." मी प्रमाण मराठीत सुरुवात केली, पण दुसऱ्याच वाक्याला पारा चढला. आणि पारा चढला की माझ्या तोंडून मालवणी येते. त्यातून जे बाहेर पडलं ते थेट गाऱ्हाणंच होतं.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे कुठल्याही शुभकार्याआधी घरातला कर्ता माणूस हातात नारळ घेऊन देवाला खणखणीत आवाजात साकडं घालतो ते. तो एकेक मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे एकमुखाने 'व्हय म्हाराजा!' म्हणतात. मागितलं काय ते कोणी फारसं ऐकत नाही. 'रे म्हाराजा' असा सूर उतरला की आपण 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे आमच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं. आमच्या सबंध इमारतीत गाऱ्हाणं सांगावं ते अण्णांनी. पूजा असो, बारसं असो, कोणाची नवी स्कूटर असो, बोलावणं अण्णांना.

आणि मी काय केलं, तर त्याच चालीवर कॅमेऱ्यासमोर ओरडलो, "बा देवा म्हाराजा! ह्या दिग्दर्शकान जो काय पिक्चर काढलो हा, तेची गोष्ट इंटरव्हलाक हरवली हा! ती खंय आसात थंयसून सोधून हाड रे म्हाराजा!"

"रेटिंग द्या बाबा," मानसी हसू दाबत म्हणाली. "किती तारे?"

"तारे कसले? नारळ दे! पाचपैकी एक नारळ!"

(नोकरीवरून काढताना माणसाला जो देतात, तोच नारळ. दिग्दर्शकाला बरोबर कळला असणार.)

अशी 'गाऱ्हाणं टॉकीज' सुरू झाली. लोक खाली प्रतिक्रियांमध्ये 'व्हय म्हाराजा!' लिहू लागले. दुबईहून व्हय म्हाराजा, नाशिकहून व्हय म्हाराजा! घरात माझ्या एका वाक्याला कोणी हो म्हणत नव्हतं, आणि इथे न बघितलेल्या माणसांची रांग लागली. अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा मोबाईल बटणांचा आहे, आणि त्याच्यावरही ते ओरडतात.

या माणसांपैकी मुंबईतली काही मग रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटू लागली. त्यांच्यात नायगावचा कांबळे. माझ्याच वयाचा, नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, आणि जगातला सर्वात चुकीचा प्रेक्षक! हा माणूस प्रत्येक सिनेमात रडतो. विनोदी सिनेमातही रडतो. शेवटची नावं संपेपर्यंत उभा राहून टाळ्या वाजवतो आणि सगळ्यांना पाचपैकी पाच देतो. आमचं दर रविवारी कडाक्याचं भांडण व्हायचं.

"अरे गावड्या, त्या लोकांनी किती कष्टाने बनवलाय!"

"कष्टाने बनवलाय म्हणून मी कष्टाने बघायचा काय?"

एकदा मी त्याला म्हटलं, तू तर देव मानत नाहीस, मग माझ्या गाऱ्हाण्याला सगळ्यात आधी व्हय म्हाराजा कसा करतोस? तर म्हणाला, "तू देवाकडे काही मागतच नाहीस रे. दिग्दर्शकाला झापतोस. त्याला माझी हरकत नाही." असा मित्र मिळायला मला छप्पन वर्षं लागली, याचाही मला राग आहे.

आणि अशातच मानसीने जाहीर केलं की तिचं ठरलंय. मुलगा अद्वैत सबनीस, तिच्याच ऑफिसातला, राहणार शिवाजी पार्क. वडील निवृत्त प्राध्यापक.

सबनीस मंडळी आमच्याकडे आली आणि मी पहिल्यांदाच अशी माणसं बघितली, जी चहा पिताना आवाज करत नाहीत. सबनीस सर बोलायचे तेव्हा पुढे वाकून ऐकावं लागायचं. आणि बोलायचे मात्र भरपूर! 'सहजीवनातील संवादाचे स्थान' यावर ते आमच्या सोफ्यावर अर्धा तास बोलले. अद्वैत शेजारी बसून नुसता हसत होता. काय विचारलं तरी हसायचा. मी विचारलं, "पगार किती?" हसला. अण्णांनी विचारलं, "मासे खातस मा?" हसला. तेवढ्यात बाहेर लिफ्ट अडकली आणि अण्णा उठून दाराशी जाऊन जे ओरडले, त्याने सबनीस सरांच्या कपातला चहा बशीत सांडला.

ते गेल्यावर मानसी माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, त्यांच्या घरात कोणी आवाज चढवत नाही. अद्वैतच्या बाबांनी त्याला सांगितलंय, पुन्हा एकदा विचार कर, ही माणसं फार तापट वाटतात. साखरपुड्यात तुम्ही असे ओरडलात ना, तर ते उठून जातील. मग हे लग्न काही व्हायचं नाही. बाबा, एक दिवस. फक्त एक दिवस रागावू नका."

"नाही रागावणार," मी म्हणालो.

"आणि तोपर्यंत चॅनेल बंद. त्यांनी बघितलं तर संपलंच."

कबूल केलं! पोटची पोर हात जोडते म्हटल्यावर कबूल करणार नाही तर काय करणार? पण नेमका त्याच महिन्यात सिनेमावाल्यांनी दावा साधला. एकामागून एक मराठी सिनेमे आले, आणि एकाहून एक वाईट आले! मी बघत होतो आणि गिळत होतो. शेवटचा तर मुलीच्या लग्नावरच होता. त्यात बाप अख्खा दुसरा भाग खिडकीशी उभा राहून पडद्याची झालर कुरवाळतो, तोंडातून अक्षर काढत नाही, आणि मागे सनई! मी थिएटरात खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो. कांबळेचा फोन यायचा, "अरे, तुझं गाऱ्हाणं नाही बरेच दिवस, तब्येत बरी आहे ना?" कशी बरी असणार? कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखी माझी अवस्था झाली होती.

साखरपुडा आमच्या टॉवरच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होता. आदल्या दिवशी जेवणवाल्याची पातेली लिफ्टमध्ये अडकली, आणि अण्णांनी लिफ्टला असं काही फैलावर घेतलं, की सकाळी उठले ते आवाज बसूनच. नुसती हवा येत होती. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात घोगऱ्या आवाजात कुजबुजले, "आज गाऱ्हाणा तू सांग."

"मी?"

"येतला मा तुका? माझी अब्रू घालव नको."

अण्णांनी गाऱ्हाणं माझ्याकडे द्यावं, म्हणजे काय होतं ते मला ठाऊक. ऊर भरून आला. मानसीच्या मात्र चेहऱ्याचा रंग उडाला. ती जरीच्या साडीत तशीच धावत आली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बाबा, साधं सांगा. दोन ओळी. आणि रागावू नका हं."

मी म्हटलं, देवाशी बोलताना कशाला रागावू?

हॉल भरला. एका बाजूला आमची गावाकडची मंडळी, एका बाजूला सबनीसांची शांत माणसं. आणि अगदी समोर, पहिल्या रांगेत, कांबळे आणि कट्ट्यावरची सगळी गँग! त्यांना मीच बोलावलं होतं. आधी सबनीस सर माईकवर आले आणि 'दोन कुटुंबांतील सुसंवाद' यावर बोलू लागले. बोलले, बोलले आणि बोलतच राहिले. आमचा आचारी भजी तळून वाट बघत थांबला. मी ओठ दातांखाली दाबून हसत उभा होतो. मग माझ्या हातात नारळ दिला गेला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हॉल दणाणला. त्यात सर्वात मोठा आवाज कांबळेचा.

"आज गावडे आणि सबनीस ह्या दोन घरांचा जा काय नाता जुळता हा, ता सुखाचा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

छान चाललं होतं. अण्णा मान डोलवत होते. मानसीने श्वास सोडला. सबनीस सरही कौतुकाने बघत होते. आणि तेवढ्यात त्या व्हिडिओवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने माझ्या तोंडासमोर कॅमेरा आणला आणि वरचा गोल पांढरा दिवा लावला!

समोर गोल दिवा, दिव्यामागे कट्ट्यावरची मंडळी, कानात व्हय म्हाराजा, हातात नारळ. त्यापुढचं मी बोललो नाही, माझ्या तोंडाने बोललं.

"आज सबनीसांनी जो काय हिरो आमच्या समोर उभो केलो हा, तो दिसाक बरो हा, पण तेका डायलॉगच नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पयल्या भागात हसता, दुसऱ्या भागात हसता, तेच्या तोंडात चार वाक्या घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सुलभा मागून माझा सदरा ओढत होती. मला वाटलं, छान होतंय म्हणून सांगतेय.

"आणि हिरोचो बापूस! जो माईक गावता तेका चिकटता! भजी थंड झाली! तेका एडिट कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी तर सबनीसांच्या बाजूनेही एक बारीक आवाज आला. (त्या सबनीसबाई होत्या, हे नंतर कळलं.)

"आणि गोष्ट काय? चेडू आमी लहानाचा मोठा केला, आणि शेवटाक घेवन जातलो कोण? तर ह्यो! ह्यात काय लॉजिक आसा रे म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!"

"पाचपैकी दीड नारळ!"

कट्ट्यावरच्या गँगने टाळ्या वाजवल्या, कांबळेने शिट्टी मारली. मानसी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

सबनीस सर खुर्चीवरून उठले. "गावडे," ते पुटपुटले, "आपण आम्हाला नारळ देताय?"

"छे छे! नारळ नाही हो," मी घाईघाईने म्हणालो, "दीडच!"

"दीड?"

"म्हणजे तसा वाईट नाही! गेल्या महिन्यात कोणाला एकसुद्धा दिला नसता!"

"एक मुलाला आणि अर्धा मला, असंच ना?"

"अर्धा म्हणजे... तुमचं भाषण जरा आटोपशीर असतं तर..."

आणि मग ते घडलं! सबनीस सरांचा चेहरा लालबुंद झाला आणि तो माणूस ओरडला! असा ओरडला की बाहेरची लिफ्ट आपोआप सुरू झाली असती. "दीड नारळ! माझ्या मुलाला दीड नारळ! अहो, तुमची लायकी काय? तुम्हाला अनुस्वाराचा उच्चार येत नाही! अद्वैत, चल! उठ! हे लग्न होणार नाही!"

"अहो, जावा!" माझाही बांध फुटला. "हसण्यापलीकडे काय येतं तुमच्या मुलाला?"

"बाबा!" मानसी किंचाळली. पण तिच्याही वरताण एक आवाज आला.

"गप्प बसा!"

अद्वैत! तो उभा होता आणि हसत नव्हता. "बाबा, तुम्ही खाली बसा! आणि काका, तुम्हीपण! मला बोलायला तुम्ही दोघांनी जागा कधी ठेवलीत? एक जण भाषण देतो, एक जण ओरडतो! मी मानसीशी लग्न करणार म्हणजे करणार! तुम्हाला जेवढे नारळ वाटायचेत तेवढे वाटा!"

मग आमची सगळी गाववाली मंडळी सवयीने, जोरात आणि मनापासून ओरडली, "व्हय म्हाराजा!"

सबनीसबाई हसत सुटल्या. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बसा हो. किती वर्षांनी आवाज ऐकला तुमचा." सर बसले. आपण ओरडलो याचा त्यांना स्वतःलाच एवढा धक्का बसला होता, की उठून जायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. अण्णा काठी टेकत त्यांच्यापाशी गेले, शेजारची खुर्ची ओढून बसले आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले, "माणूस बरो आसात तुमी. मी उगाच मुको समजलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेल्या, ता काय देवाक सांगूचा गाऱ्हाणा? घराक ये, मगे सांगतंय तुका." त्यांनी माझ्या हातातून नारळ काढून घेतला आणि स्वतः नुसत्या हवेने गाऱ्हाणं पुरं केलं. कोणाला एक शब्द ऐकू आला नाही. सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. अंगठ्या घातल्या गेल्या आणि कांबळे इतका रडला, की सबनीसांकडच्यांना तो मुलीचा सख्खा मामा वाटला.

मी मात्र भज्यांच्या टेबलामागे तोंड लपवून उभा होतो. दुपार कलल्यावर पाहुणे निघाले. सबनीसांची गाडी भरली आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला जागा उरली नाही. सुलभाने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी टॅक्सी आणायला धावतच नाक्यावर गेलो. पाठोपाठ मानसी आली. साडी सावरत माझ्या बाजूला उभी राहिली.

"बाबा, खरं सांगा. अद्वैतमध्ये एवढं काय वाईट दिसलं?"

"काही नाही गं. चांगला पोरगा आहे. आज ओरडला तेव्हा तर फारच आवडला."

"मग दीड नारळ?"

टॅक्सी येत नव्हती, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. "राग आला होता."

"कशाचा?"

"तू चाललीस त्याचा," मी म्हणालो. "एवढं मोठं करायचं आणि मग कोणीतरी हसत हसत येऊन घेऊन जाणार! मी घरी सिनेमा बघून आलो की ओरडायचं कोणासमोर? तुझी आई लाटणं घेऊन उभी असते! मोबाईल कोण लावणार? मला नाही आवडत हे. मला अजिबात नाही आवडत!"

माझा आवाज चढत होता आणि मध्येच कुठेतरी फाटला. मानसीने माझ्या दंडात हात घातला. तीही रडत होती. काळाचौकीच्या नाक्यावर, भर रस्त्यात, जरीची साडी आणि इस्त्रीचा सदरा घालून आम्ही दोघं रडत उभे होतो, आणि येणारे-जाणारे थांबून बघत होते.

तेवढ्यात एक टॅक्सी आली. मी डोळे पुसून, घसा खाकरून खिडकीत वाकलो. "शिवाजी पार्क?"

टॅक्सीवाल्याने मला बघितलं, मानसीला बघितलं, आणि हात झटकत म्हणाला, "इतना नजदीक नहीं जाएगा, अंकल. उधर तो बस में चले जाओ!"

तो निघून गेला. ज्या अंतराला टॅक्सीवाला मीटर टाकायला तयार नाही, तेवढ्या अंतरावर मुलगी चालली म्हणून मी भर हॉलमध्ये देवासमोर आणि भर नाक्यावर लोकांसमोर अख्खा सिनेमा केला होता. आणि तोही नेमका तसलाच, जो बघून मी थिएटरातून शिव्या घालत बाहेर पडतो!